आकाशवाणीचा मनोरा झिजत कसा नाही?

तासगावहून एका मेकॅनिकचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते.

‘मॅडम, नमस्कार. गेली एकतीस वर्षं माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी गच्चीवर अँटेना बसवून द्यायचो, आता डिश आणि सीसीटीव्ही. मुलगी सांगलीला बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स घेऊन. परवा एका गिऱ्हाइकाच्या एफएमसाठी ॲल्युमिनियमचा पाइप कापत होतो, तर म्हणाली, “पप्पा, लहरीबिहरी सगळं जुनं झालं. इलेक्ट्रॉन फोटॉन सोडतात, ते कण असतात. तुम्ही नुसता टेप लावून पाइप कापता, आत काय चाललंय ते तुम्हाला कुठं माहिताय?” मी काही बोललो नाही, पण डोक्यातनं जाईना. तीन गोष्टी विचारतो. कण बाहेर पडत असतील तर आकाशवाणीचा मनोरा इतक्या वर्षांत झिजला कसा नाही? इलेक्ट्रॉनवरनं अँटेनाचं काम खरंच उलगडतं, का ही पोरीची पुस्तकी बडबड? आणि आमच्या गल्लीत मोबाईलचा टॉवर होतोय, लोक म्हणतात त्यातनं कण येतात. त्यांना काय सांगू?’

भाऊ, पहिलं उत्तर आधी देऊन टाकते. मनोऱ्यातून इलेक्ट्रॉन बाहेर उडत नाहीत, म्हणून मनोरा झिजत नाही. लोखंड गंजेल, रंग उडेल, कावळे घरटं करतील. पण प्रक्षेपणापायी त्याचं वजन गुंजभरही घटत नाही. बाहेर जाते ती ऊर्जा, आणि तिचा हिशेब विजेच्या बिलात लागतो.

दुसऱ्या प्रश्नाला एवढं झटपट उत्तर नाही. त्यात मी स्वतः एकदा तोंडघशी पडलेय, ते आधी सांगते.

नोकरीचं पहिलं वर्ष. फळ्यावर अणू काढला, भोवती गोल कक्षा काढल्या. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उडी मारतो आणि फोटॉन बाहेर पडतो, असा बाण काढला. सोडियमच्या दिव्यात असं होतं, निऑनच्या नळीत असं होतं, आणि बोलण्याच्या भरात म्हणाले, ‘अँटेनातही हेच.’ मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. म्हणाला, ‘मॅडम, सोडियमचा दिवा कुठल्याही आकाराचा केला तरी पिवळाच लागतो. मग अँटेनाची लांबी स्टेशनाप्रमाणं का बदलावी लागते? आणि तांब्याची केली काय, ॲल्युमिनियमची केली काय, माप तेच कसं?’ मी घड्याळाकडं बघितलं आणि पुढच्या तासाला सांगते म्हणाले. त्या सत्रात तो पुढचा तास काही उजाडला नाही.

पोराचं बरोबर होतं. अँटेनाची लांबी काढायला तुम्ही ४६८ ला मेगाहर्ट्झनं भागता आणि उत्तर फुटात घेता, हो ना? १०० मेगाहर्ट्झला ४ फूट ८ इंच. त्या सूत्रात धातूचं नावच नाही. उडी मारणाऱ्या इलेक्ट्रॉनचं काम असतं, तर तांब्याचं स्टेशन वेगळं आणि ॲल्युमिनियमचं वेगळं लागलं असतं. धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन कुठल्या एका अणूच्या पायऱ्यांना बांधलेले नसतात. अँटेनाला जोडलेला सेट ढकलेल तसे ते हलतात. तेव्हा मुलीच्या डोक्यात फळ्यावरची ती उडी असेल, तर ती माझ्याच चुकीच्या रांगेत उभी आहे. तिला सांगा, मॅडमनाही हे कळायला वेळ लागला होता.

आता इलेक्ट्रॉन पाइपात नेमकं काय करतात ते बघू. तुमचाच ४ फूट ८ इंचांचा, बोटाएवढा जाड पाइप घेऊ आणि त्यावरून प्रक्षेपण चाललंय असं धरू. (परवान्याशिवाय करू मात्र नका.) मधोमध वीज सोडली, १०० मेगाहर्ट्झची, शिखराला १ अँपिअर. एवढ्या फ्रिक्वेन्सीला वीज पाइपाच्या वरच्या सालीतूनच वाहते, आणि ती साल असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. पोकळ पाइप भरीव दांडीइतकाच चालतो हा तुमचा अनुभव आहे. त्याचं कारण हे.

त्या सालीत मोकळे इलेक्ट्रॉन किती? साधारण ७ च्या पुढं २२ शून्यं. आणि ते सरकतात किती? दोन शेजारी अणूंमध्ये जेवढं अंतर असतं, त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी. जतच्या यल्लम्माच्या जत्रेत कधी अडकला असाल तर कल्पना येईल. आत जो तो आपापल्या परीनं वाट्टेल तसा रेटत असतो, आणि तेवढ्यात मागून हिसका आला की अख्खी गर्दी बोटभर पुढं सरकते. इलेक्ट्रॉनांची स्वतःची धावपळ सेकंदाला हजारो किलोमीटरच्या घरात जाते, पण ती सगळ्या दिशांना असल्यानं तिथल्या तिथं जिरते. उरतं ते हे सगळ्यांनी मिळून पुढं-मागं सरकणं, सेकंदाला दहा कोटी वेळा. आपण ज्याला करंट म्हणतो तो हा.

एवढ्याशा सरकण्यातून लहर निघते कशी? प्रत्येक इलेक्ट्रॉनभोवती त्याचं विद्युतक्षेत्र लांबवर पसरलेलं असतं. इलेक्ट्रॉनला हिसका बसला की ती बातमी सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या वेगानं बाहेर जाते, त्याहून जलद नाही. बातमी पोचली तिथपर्यंतचं क्षेत्र नव्या जागेकडं रोखलेलं असतं, त्यापलीकडचं अजून जुन्या जागेकडंच. दोहोंच्या सांध्यावर वाक पडतो, आणि तो वाक पुढं पुढं धावतो. जमिनीवर पडलेल्या लांब दोराचं टोक हिसडलं की उंचवटा पळत जातो, तसंच. साधं क्षेत्र अंतराच्या वर्गानं विरतं. वाक मात्र नुसत्या अंतराच्या प्रमाणात क्षीण होतो. म्हणून दहा-वीस मैलांवर साध्या क्षेत्राचा मागमूस उरत नाही, आणि तरी तासगावात सांगलीचं स्टेशन लागतं.

इथवर मुलीचा मुद्दा भक्कम आहे. इलेक्ट्रॉन हलतो आणि त्याच्या हलण्यातूनच लहर उठते. आता तिला एक हिशेब घाला.

हिसका बसलेला एक इलेक्ट्रॉन किती ऊर्जा बाहेर टाकतो, याचं सूत्र जोसेफ लार्मर यांनी १८९७ मध्ये दिलं. ते तुमच्या पाइपातल्या एका इलेक्ट्रॉनला लावलं की उत्तर अगदीच चिमूटभर येतं. ते सालीतल्या सगळ्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येनं गुणलं तर काय यावं? १ वॅटचे, एकावर एकवीस शून्यं एवढे तुकडे करा. त्यातला जेमतेम एखादा तुकडा. एवढ्यावर जगातला कुठलाही रेडिओ साधी खरखरसुद्धा करणार नाही. आणि प्रत्यक्षात तोच पाइप बाहेर किती टाकतो? सुमारे ३६ वॅट.

गेलं कुठं बाकीचं? भौतिकशास्त्राच्या पुस्तकात यावर जेवढा जोर द्यायला हवा तेवढा देत नाहीत, असं माझं मत आहे. सूत्र चुकलेलं नाही, इलेक्ट्रॉन मोजायला चुकलेले नाहीत. चूक बेरजेत आहे. आपण प्रत्येकाची ऊर्जा वेगवेगळी काढली आणि मग एकत्र केली. बेरीज आधी क्षेत्रांची करायची असते, ऊर्जा त्यानंतर काढायची. ढोल आठवा. दोन ढोल अगदी शेजारी ठेवून टिपरू एकाच क्षणी पडलं तर हवेचा हेलकावा दुप्पट होतो, आणि ऊर्जा हेलकाव्याच्या वर्गानं वाढत असल्यानं ती चौपट. तीन ढोल, नऊपट. इथं ढोल आहेत ७ वर बावीस शून्यं, आणि सगळे एकाच तालात, कारण ताल तुमचा सेट धरतो. तेव्हा एकाच्या ऊर्जेला संख्येनं न गुणता संख्येच्या वर्गानं गुणायचं. पाइपाच्या टोकाला करंट शून्य आणि मध्ये भरपूर असतो, त्याची वजावट केली की उत्तर छत्तीसच्या आसपास येतं. मी मागं एकदा सवडीनं करून बघितलं, तेव्हा इतकं जमलं की दोनदा ताळा करून पाहिला.

‘पण ही चौपट ऊर्जा फुकट कुठून आली?’ असं तुमच्यासारखा माणूस विचारणारच. फुकट नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉनला बाकी सगळ्यांनी उठवलेल्या क्षेत्राविरुद्ध सरकावं लागतं, म्हणून सेटला जोर जास्त लावावा लागतो. तो जोर सेटला रोधासारखा वाटतो. मधोमध कापलेल्या अर्ध्या लहरीच्या अँटेनाला, म्हणजे डायपोलला, तो ७३ ओहम भरतो. मीटर लावून डीसीवर मोजाल तर कुठंच सापडणार नाही, तारेला गरमही करणार नाही, पण ऊर्जा खातो आणि आकाशात सोडतो. टीव्हीची गोल केबल ७५ ओहमची असते आणि साध्या डायपोलला कशी चपखल बसते, ते तुम्ही एकतीस वर्षं बघताय. आणि चपटी वायर ३०० ची, कारण दुमडलेल्या डायपोलला हाच आकडा चौपट होतो. दांड्या दोन, म्हणून तिथंही दोनाचा वर्ग.

त्या चपट्या वायरीचाच एक दाखला देते, माझ्या मते सगळ्यात पटण्यासारखा. वायरीत दोन तारा शेजारी शेजारी जातात. दोन्हींत तोच करंट, तेच इलेक्ट्रॉन, तेवढेच हिसके. लार्मरचं सूत्र दोन्हीकडच्या एकेका इलेक्ट्रॉनला सारखंच लागू. तरी वायर जवळजवळ काहीच बाहेर टाकत नाही, कारण एका तारेत करंट वर जातो तेव्हा दुसरीत खाली, आणि लांबून बघणाऱ्याला दोघांची बेरीज शून्य दिसते. आता त्याच दोन तारांची टोकं सोडवून एक डावीकडं, एक उजवीकडं अशी ताठ पसरा. डायपोल झाला, बोलायला लागला! इलेक्ट्रॉनात कणभर फरक पडला नाही. फक्त तारा वळल्या.

नुसता इलेक्ट्रॉन पाठ करून अँटेना कळत नाही, असं मी म्हणते ते यामुळं. इलेक्ट्रॉन खोटा नाही. पण अँटेनाची सगळी करामत मांडणीत आहे: कुठला करंट कुठं, कुठल्या दिशेनं, किती मागंपुढं. तुमच्या जुन्या अँटेनाच्या बूमवर, म्हणजे मधल्या लांब दांडीवर, पुढच्या बारीक दांड्यांना वायर जोडलेलीच नसायची. गिऱ्हाईक विचारायचं की ह्या कशाला, शोभेला? समोरून येणारी लहर त्या दांड्यांतल्या इलेक्ट्रॉनांना हलवते, ते आपली लहर सोडतात, आणि लांबी व अंतर नीट राखलं तर सगळ्यांची बेरीज मधल्या डायपोलवर जोरकस पडते. हे जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास मांडलं, आणि त्यांनी इलेक्ट्रॉन मोजत बसण्याची गरज नव्हती.

गरज नव्हतीच, कारण इतिहासही तसाच आहे. हाइनरिश हर्ट्झ यांनी जर्मनीत कार्लस्रूऽला १८८७-८८ मध्ये ठिणग्यांतून रेडिओ लहरी सोडल्या आणि पकडल्या. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात अगदी आखूड लांबीच्या लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ ला. म्हणजे पहिली अँटेना चालली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता. मॅक्सवेल यांची विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची १८६५ ची समीकरणं होती, आणि त्यांना एवढंच हवं असतं की करंट कुठं किती वाहतोय. वाहणारा कोण, याची ती चौकशी करत नाहीत. अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी समुद्राच्या पाण्याची उंच कारंजी उडवून त्या धारेचीच अँटेना करून दाखवलीय. खारट पाण्यात वीज वाहून नेतात ते सोडियम आणि क्लोरीनचे आयन, इलेक्ट्रॉनच्या हजारो पट जड. तरी धारेची उंची बदलली की फ्रिक्वेन्सी बदलते, तुमच्या पाइपासारखीच.

आता फोटॉन. मुलीचा हा शब्दही खरा आहे. ऊर्जा शेवटी ठरावीक पुड्यांतच देता-घेता येते. पण १०० मेगाहर्ट्झची पुडी केवढीशी! हिरव्या उजेडाचा एक फोटॉन घेतला तर त्यात एफएमचे पन्नास लाखांहून जास्त फोटॉन बसतील. तुमचा ३६ वॅटचा पाइप सेकंदाला ५ वर सव्वीस शून्यं एवढे सोडतो. खोलीतल्या साध्या उबेमुळं जी हालचाल असते, तिची ऊर्जासुद्धा अशा एका पुडीच्या साठ हजार पट भरते. म्हणजे एकटा फोटॉन अँटेनावर आला काय नि गेला काय, उबेच्या गलक्यात पत्ता लागायचा नाही.

पावसाळ्यात आपण सांगलीकर सकाळी उठून काय विचारतो? कोयनेतून किती क्युसेक सुटलं आणि आयर्विन पुलाला पाणी किती फूट. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. पाणी रेणूंचं असतं हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, पण रेणू मोजून कुणी जनावरं सोडवून माळावर नेत नाही. पुराचं गणित पातळी आणि प्रवाहाचंच असतं, आणि रेणूंशी त्याचं काही भांडण नसतं. अँटेनाचंही असंच, फक्त एक बारीक फरक आहे, तो मुलीला आवडेल. पाण्याचे रेणू निदान मोजता तरी येतील. अँटेनातून निघालेल्या लहरीत फोटॉनांचा ठरीव आकडाच नसतो. सरासरी असते आणि तिच्याभोवती किंचित डळमळ. रॉय ग्लॉबर यांनी १९६३ मध्ये हे नीट मांडलं, त्याबद्दल त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. तालात चाललेला करंट जी फोटॉनांची अवस्था तयार करतो, ती मॅक्सवेलच्या लहरीसारखीच वागते. ‘हा फोटॉन अमक्या इलेक्ट्रॉननं सोडला’ असं बोट दाखवता येत नाही. सगळ्या पाइपानं मिळून सोडलेले असतात. तेव्हा ‘लहरी जुन्या झाल्या’ हे तिचं वाक्य तेवढं खोडा. सगळ्यात नवा, फोटॉनांचा सिद्धांतच अँटेनाच्या बाबतीत पुन्हा लहरीच्या दारात आणून सोडतो.

तिची बाजू एका ठिकाणी मात्र शंभर टक्के खरी आहे, आणि तेही रेडिओतच. हायड्रोजनचा एकटा अणू १४२० मेगाहर्ट्झचा फोटॉन सोडतो, २१ सेंटीमीटरची लहर. तिथं पाइप नाही, सेट नाही, खरोखर एक इलेक्ट्रॉन आपली फिरकी उलटी करतो आणि एक फोटॉन बाहेर पडतो, अगदी फळ्यावरच्या चित्रासारखा. फक्त त्या अणूला वाट बघावी लागते, सरासरी एक कोटी वर्षं. आकाशगंगेत हायड्रोजन इतका आहे की तरीही भरपूर सिग्नल येतो. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, त्या असलेच सिग्नल ऐकतात. तिथला अणू कुणाचा ताल पाळत नाही, जो तो आपल्या मर्जीनं बोलतो, म्हणून तिथं ऊर्जेची साधी बेरीज चालते, वर्ग नाही. रेडिओ म्हणजे लहर आणि उजेड म्हणजे कण अशी वाटणी करून काही हाती लागत नाही. ताल आहे की नाही, ते बघायचं. खोडदला २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शन असतं, बापलेक जाऊन या. एवढ्या मोठ्या तव्याला तारांची जाळी कशी ताणलीय, ते तिच्यापेक्षा तुम्हीच जास्त वेळ बघत बसाल.

टॉवरचं थोडक्यात सांगते. त्यातून येतात ते रेडिओ लहरींचेच फोटॉन. मोबाईलची फ्रिक्वेन्सी एफएमपेक्षा जास्त, तरी एका फोटॉनची ताकद शरीरातला एखादा रासायनिक बंध तोडायला लागते त्याच्या लाखो पट कमी. क्ष-किरणांचा फोटॉन तो बंध तोडू शकतो. ‘कण येतात’ म्हणून किरणोत्सर्गाच्या कणांशी त्यांचं नातं जोडू नका. या लहरींचा पक्का ठाऊक असलेला परिणाम म्हणजे ऊब, आणि मर्यादा तिच्यावरच ठरवलेल्या आहेत. भारतात १ सप्टेंबर २०१२ ला टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या दहाव्या हिश्श्यावर आणली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोग होऊ शकेल’ अशा गोष्टींच्या यादीत ठेवलंय, हेही लपवू नका; लपवलं की लोकांचा संशय वाढतो. दूरसंचार खात्याचं ‘तरंग संचार’ नावाचं संकेतस्थळ आहे, तिथं आपल्या भागातला टॉवर नियमात बसतो का ते बघता येतं. आणि पॅनेलच्या अगदी तोंडापुढं गच्चीवर वाळवणाला कुणी बसू नये, एवढं तुम्ही मेकॅनिक म्हणून सांगाच.

राहिलं ते ‘तुम्हाला कुठं माहिताय’. ते लागलं असणार, मला कळतं. पण लगेच आकडे घेऊन तिच्यावर धावून जाऊ नका. दुकानात एखादा जुना मीडियम वेव्हचा रेडिओ असेल, तो संध्याकाळी स्वयंपाकघरात न्या. दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागी काटा ठेवा, आवाज वाढवा आणि हातभरावर गॅसचा लायटर दाबा. ‘कट्’ असं ऐकू येईल. हर्ट्झनी केलं ते हेच: ठिणगी, धातू आणि पलीकडं पकडणारं काहीतरी. मग सांगलीचं स्टेशन लावा, १२५१ किलोहर्ट्झवर, आणि रेडिओ आडवा गोल फिरवायला लावा. एका दिशेला आवाज पडेल. आतली फेराइटची काळी कांडी उघडून दाखवा आणि विचारा, ‘इलेक्ट्रॉन तेच, फोटॉन तेच, मग फिरवल्यावर आवाज का गेला?’ विचारून झालं की चहा ठेवायला जा. तिला पाच मिनिटं मिळू द्या.

आणि तिला बिलबुकाच्या पाठीमागं तो हिशेब करायला लावा. ॲल्युमिनियमच्या एका घनमीटरमध्ये १.८ च्या पुढं दशांशचिन्ह २९ घरं सरकवून येतील तेवढे मोकळे इलेक्ट्रॉन, साल ८ मायक्रॉन, पाइपाचा व्यास १ सेंटीमीटर, करंट शिखराला १ अँपिअर. एकदा संख्येनं गुणायचं, एकदा वर्गानं. पाइप किती लांब घ्यायचा हे तिनं तुम्हाला विचारावं लागेल. उत्तर तीस ते चाळीस वॅटच्या दरम्यान आलं नाही, तर कागद माझ्याकडं पाठवा, चूक शोधून देते.